घरातल्या जुन्या माणसांची हकीकत कशी नोंदवावी, कशी जपावी

मराठवाड्यात रझाकारांचा काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं लेकरू आज नव्वदीला टेकलंय. ७२ च्या दुष्काळात ऐन विशीत खडी फोडणारी बाई सत्तरी ओलांडून पुढं गेलीय. किल्लारीच्या भूकंपात ज्यांची घरं पडली त्यांची नातवंडं नव्या गावठाणात जन्मली, जुनं गाव त्यांनी वस्तीला असलेलं पाहिलंच नाही. या माणसांनी लिहून ठेवलेलं काही नाही. बऱ्याच जणींना तर शाळेत घातलंच नव्हतं. जे आहे ते सगळं तोंडी आहे.

मी माझ्या वडिलांची आणि सासूबाईंची हकीकत रेकॉर्ड केली, लिहून काढली आणि छापून घरातल्यांना दिली. वडील औसा तालुक्यातले, सासूबाई गेवराई तालुक्यातल्या. हे कसं करायचं ते सांगणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून जे करता करता कळत गेलं ते इथं क्रमानं मांडते. स्वतःचीच हकीकत मागं ठेवायची असेल तरी रीत हीच. फक्त प्रश्न विचारायला समोर नातवाला किंवा सुनेला बसवा, कारण एकट्यानं मोबाइलपुढं बोलणं फार वेळ चालत नाही.

१. आधी घरात सगळ्यांना सांगा

हे पहिलं, कारण यातच सगळ्यात जास्त कामं अडतात. म्हाताऱ्या माणसासमोर मोबाइल धरून "वरच्या पट्टीचं रान आधी कुणाच्या नावावर होतं?" असं विचारलं, की संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी फिरते: ह्यांनी काहीतरी कागद करायला घेतलेत. मग बहीण रुसते, भाऊ येऊन बसतो, आणि म्हातारं माणूस तोंड मिटून घेतं.

म्हणून सुरू करायच्या आधी सगळ्या भावंडांना फोन करा. काय करणार आहात ते सांगा, प्रत्येकाकडून दोन प्रश्न मागून घ्या आणि तयार झाल्यावर प्रत्येकाला प्रत मिळेल असा शब्द द्या. रेकॉर्डिंगमध्ये वाटणी, सोनं, कुणाला काय द्यायचं हा विषय निघाला तर बटण बंद करा. त्याची जागा मृत्युपत्रात आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि साक्षीदारांनीही सह्या करायच्या. दुय्यम निबंधकांकडं नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मुस्लीम कुटुंबांत मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, तिथं जाणकार वकिलाला विचारूनच पुढं जा.

आणि ज्याची हकीकत आहे त्या माणसाची परवानगी घ्या. "हे कोणी ऐकलेलं चालेल?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारून उत्तर रेकॉर्ड करा.

२. सामान आणि कागद गोळा करा

सामानाला फार पैसे लागत नाहीत. रेकॉर्डर असलेला साधा स्मार्टफोन, शर्टाला लावायचा कॉलर माइक, एक मोठी वही, एक कार्डशीट आणि फाईल ठेवायला पेनड्राइव्ह एवढं पुरतं. माइक घ्याच. आपल्या घरांत पंखा, टीव्ही, शेजारचा पिठाचा डबा वाजवणारं पोरगं, सगळ्यांचा आवाज फोन पकडतो आणि आजीचा मात्र खोल जातो.

कागदांसाठी ट्रंक, देवळी, माळ्यावरची पेटी, विम्याच्या फायली सगळं उघडा. हे शोधा:

- शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुनी टीसी
- खासरा पाहणी पत्रक, जुने सातबारे, फेरफार
- जुनं रेशन कार्ड, रोजगार हमीचं कार्ड, साखर कारखान्याच्या पावत्या
- लग्नपत्रिका, पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या
- भूकंपग्रस्त किंवा धरणग्रस्त असल्याचे दाखले, घर मिळाल्याचे कागद
- फोटो, तेही मागं काही लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूसकट

जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं ते कायमचे खराब होतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टीही लावू नका. सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून वरून सरळ फोटो काढा आणि मूळ कागद सुती कापडात किंवा कोऱ्या कागदांत ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या.

३. सालांचा आधार तयार करा

आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून असते. शाळेत घालताना गुरुजींनी ती मांडली आणि तीच राहिली. तिच्यावरून हिशोब करू नका. माणसं साल सांगत नाहीत, पण मोठ्या घडामोडीच्या वेळी आपण केवढे होतो ते बरोबर सांगतात. "पोलीस ॲक्शनला तू पाळण्यात होतीस, का घागर उचलण्याएवढी?" असं विचारा, उत्तर लगेच येतं. वहीच्या पहिल्या पानावर या खुणा लिहून ठेवा:

- १३ ते १७ सप्टेंबर १९४८: पोलीस ॲक्शन, निजामाची राजवट संपली
- १ नोव्हेंबर १९५६: मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला
- १ मे १९६०: महाराष्ट्र राज्य
- १९७२-७३: दुष्काळ
- १९७६: पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन
- १९७८: विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आणि त्यानंतरची जाळपोळ, १४ जानेवारी १९९४: नामविस्तार
- १९८१ जालना, १९८२ लातूर, १९९९ हिंगोली: नवे जिल्हे
- ३० सप्टेंबर १९९३: भूकंप
- एप्रिल २०१६: मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी

निजामाच्या वेळच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, फार तर एखाद वर्ष इकडंतिकडं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

४. बैठक कधी आणि कशी

मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीनच्या काढणीत कुणाचं चित्त ठिकाणावर नसतं. दिवाळीनंतरची थंडी उत्तम. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मात्र उलटं आहे. तिथं टोळी परत आल्यावर, उन्हाळा ते दसरा या काळातच माणूस घरी सापडतं.

दुपारी जेवण आणि डुलकी झाल्यावर बसा. पाऊण तासाच्या वर ताणू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात पावण्याचा फोन येतो. सुरुवातीला स्वतः बोला: आज तारीख काय, कुठं बसलोय, समोर कोण आहे. ऐकू कमी येत असेल तर तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे बसा, म्हणजे त्यांना ओठ दिसतात.

नवरा-बायको दोघंही हयात असतील तर दोघांना वेगळं बसवा. आजोबा जवळ असले की आजी "तेच सांगतील" म्हणून गप्प राहते. त्या घरातली निम्मी हकीकत तिच्याकडं आहे, आणि ती वेगळीच आहे.

५. विचारायचं काय

मोठा प्रश्न विचारला की लहान उत्तर येतं. सासूबाईंना "दुष्काळात कसं होतं?" असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "कसं असतंय बाई? हाल झाले. सगळ्यायचेच झाले." आणि विषय संपला. मग मी विचारलं, "हातोडी घरची नेत होतात का कामावर मिळायची?" तेव्हा त्या सावरून बसल्या. हातोडी घरचीच होती. दांडा बाभळीचा, मामंजींनी तासलेला. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधायची, कारण दगड धरताना तोच फुटायचा. ती कशी बांधायची ते त्यांनी पदराचं टोक गुंडाळून दाखवलं. लेकरू लिंबाला झोळी बांधून त्यात. मुकादम ढीग मोजायला यायचा तेव्हा खालची माती वर दिसू नये म्हणून बाया हातानं गिट्टी सारखी करायच्या. कामावर मिळालेली सुकडी स्वतः खायची नाही, पदराला बांधून घरी आणायची. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापताना फुटायची, म्हणून पीठ कसं उकळत्या पाण्यात भिजवायचं, तेही आलं. हे सगळं एका हातोडीच्या मागून आलं.

म्हणून वस्तू, काम आणि जागा विचारा. भावना विचारू नका, त्या मागून आपोआप येतात. काही प्रश्न मी वारंवार वापरले:

- घरात पहिल्यांदा दिवा, बल्ब, रेडिओ, सायकल कधी आली? कुणी आणली?
- पाणी कुठून आणायचा? आडावर, बारवेवर कुणाला चढू द्यायचे, कुणाला नाही?
- लग्न ठरवायला कोण आलं होतं? सासरी कशात बसून आलीस? पहिल्या दिवशी काय रांधलं?
- पहिली मजुरी किती, आणि ती कुणाच्या हातात दिली? हाली शिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, पाहिलंय का?
- शाळेत उर्दू होतं का? एखादी ओळ अजून म्हणता येते का?
- ऊसतोडीची उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली होती, फिटायला किती साल लागले? कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बाळंतपण झालं का?
- बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसलात का? कुठून कुठं?

एक प्रश्न विचारला की थांबा. शांतता झाली तर ती तुम्ही भरू नका, बहुतेक वेळा तिच्यानंतरच खरं बोलणं येतं. "मग?" आणि "म्हणजे कसं?" एवढे दोन शब्द पुष्कळ आहेत. साल चुकलं, नाव चुकलं तर मधेच दुरुस्त करू नका, वहीत खूण करा. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा रेकॉर्ड करा. दुसऱ्या वेळी त्यात नवं माणूस येतं.

६. जुनं गाव कागदावर उतरवा

भूकंपानंतर ५२ गावं दुसऱ्या जागी वसली. जायकवाडी, माजलगाव, मांजरा अशा धरणांत कितीतरी गावं उठली. अशा घरांत ही बैठक सगळ्यात मोलाची ठरते. कार्डशीट जमिनीवर पसरा, पेन्सिल म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि वेशीपासून सुरुवात करायला सांगा. फोन व्हिडिओवर लावून वरून हात दिसेल असा ठेवा.

वडिलांनी आधी वेस काढली, मग मारुती, मग चावडी. तिथून गल्लीनं घरं मांडत गेले: हे सुताराचं, इथं मुलाण्याचं, ह्या बोळात आपला वाडा. प्रत्येक घराशी थांबून त्या रात्री तिथलं कोण राहिलं, कोण गेलं ते सांगत होते. गणपती बुडवून लोक नुकते निजले होते, पहाटेचे चार वाजायचे होते. माळवदाची घरं, दगड-मातीच्या रुंद भिंती, वर वर्षानुवर्षांची माती. ती सगळी माती अंगावर आली. हे ते कधीही सलग बोलले नव्हते. घरं मांडता मांडता बोलले.

नकाशावर नावं, आडनावं, झाडं, विहिरी, स्मशान, गावकुसाबाहेरची वस्ती सगळं लिहा. नंतर गावातल्या दुसऱ्या एखाद्या जुन्या माणसाला तो दाखवा. तो तुमच्या माणसाच्या ध्यानातून सुटलेल्या दोन गल्ल्या भरून देईल.

७. हाताला येणारं हातानंच घ्या

ओवी म्हण म्हटलं की आजीला आठवत नाही. जातं असेल तर मूठभर ज्वारी टाका, खुंटा धरू द्या, दोन फेरे होऊ द्या. मग आठवते. जातं नसेल तर शेजारच्या म्हातारीला बोलवा, एकीचं ऐकून दुसरीला पुढची ओळ येते. जात्यावरच्या लाखभर ओव्या अशाच गावोगाव जाऊन गोळा झालेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या आहेत, आणि पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आजीला त्या ऐकवल्या तरी तिला स्वतःच्या सुचू लागतात.

स्वयंपाकाचंही तसंच. येसराच्या मसाल्याला धने किती, तर "अंदाजानं". वजनकाटा ओट्यावर ठेवा, त्यावर रिकामं ताट, आणि तिला तिच्या मुठीनं टाकू द्या. प्रत्येक मुठीनंतर आकडा लिहा. भाजण्याचा रंग लिहून कळत नाही, त्याचा व्हिडिओ घ्या.

८. दुखऱ्या गोष्टी

आपल्या भागात प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट आहे. रझाकारांच्या धाकानं रातोरात इंग्रजी मुलखात, बार्शी-सोलापूरकडं गेलेली घरं आहेत. पोलीस ॲक्शननंतर ज्यांची माणसं मारली गेली अशी मुस्लीम घरं आहेत, आणि त्यांना आजवर फार कमी जणांनी विचारलंय. ७८ ला ज्यांच्या वस्त्या जाळल्या ती दलित घरं आहेत. कुणाच्या घरात शेतकऱ्याची आत्महत्या आहे.

ओढून काढू नका. माणूस स्वतः त्या वळणावर आला तर फोन खाली ठेवा आणि विचारा, "हे ठेवू का, का बंद करू?" ठेव म्हटलं तरी तो भाग वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि कोणाला ऐकवायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. शेजाऱ्यांची, सोयऱ्यांची नावं आली असतील तर छापताना काढा. त्या दिवशी दुसरा विषय काढू नका. चहा करा, जवळ बसा, आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला फोन करा.

९. लिहून काढणं

प्रत्येक बैठकीनंतर लगेच फाईलला नाव द्या: साल-महिना-दिवस, कुणाचं बोलणं, विषय. "नवीन रेकॉर्डिंग १७" असल्या फायली पुढं कुणीही उघडत नाही.

मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय आहे, पण ती प्रमाण मराठीवर बेतलेली आहे. आपली बोली ती सरळ करून टाकते, किंवा भलतंच लिहिते. ऐकून हातानंच लिहा, वेळ लागू द्या. वडील "रातच्याला निघालाव" म्हणाले असतील तर तसंच ठेवा. शाळेच्या मराठीत बसवलेलं वाक्य कुणाचंही असू शकतं, नातवाला त्यात आजोबा ऐकू येणार नाहीत. नव्या पोरांना न कळणाऱ्या गोष्टी, जसं पायली, मोट, कणगी, बलुतं, यांचा अर्थ मागच्या पानावर द्या.

सगळंच छापायची गरज नाही. निवडा. ऐंशी पानांचं पुस्तक घरात वाचलं जातं, चारशे पानांचं कपाटात जातं. मूळ रेकॉर्डिंग मात्र एकही पुसू नका.

१०. सरकारी दप्तरात काय मिळतं

आजोबांचं शाळेतलं नाव, जन्मतारीख, गाव हे जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये सापडू शकतं. मुख्याध्यापकांकडं साधा अर्ज करा. जमिनीचे जुने कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन केलेले कागद "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावरही मिळतात. मोडी किंवा उर्दू कागद हातात पडला तर अंदाजानं वाचू नका. मोडी जाणणारी माणसं छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात विचारलं तर कळतात, उर्दूसाठी गावातल्या जुन्या मौलवींना किंवा निवृत्त उर्दू शिक्षकांना दाखवा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं असतात. त्या बाजूला जाणं झालं तर गाव आणि आडनाव सांगून विचारा.

११. प्रती किती, कुठं

तीन ठिकाणी ठेवा: एक घरच्या पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडं, एक गूगल ड्राइव्हवर. तिथं १५ जीबी फुकट मिळतं. दोन वर्षं वापर नसला तर गूगल खातं बंद करू शकतं, म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये आपल्या पश्चात फायली कुणाला मिळाव्यात ते नाव भरून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा लावून उघडून बघा, पाडव्याला बघायची सवय लावली तर विसरत नाही.

आणि कागदावर छापाच. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं दहा प्रती काढून बांधून घ्या. लेकींना एकेक प्रत आधी द्या, माहेरचं असं लिहिलेलं त्यांच्याकडं एरवी काहीच जात नाही.

१२. माणूस आधीच गेलं असेल तर

तरीही बरंच मिळतं. त्यांच्या पाठची बहीण, बरोबर शिकलेला मित्र, टोळीतला जोडीदार, गड्याचा मुलगा, माहेरची भावजय यांची यादी करा आणि सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरू करा. दहाव्या-तेराव्याला जी माणसं येतात ती पुन्हा एकत्र जमत नाहीत. कार्य उरकल्यावर दुपारी चार म्हातारे ओट्यावर बसलेले असतात, त्यांच्याकडं जा. "आमच्या आजोबांबद्दल सांगा" असं म्हणू नका. "आजोबांची नि तुमची गाठ पहिल्यांदा कुठं पडली?" असं विचारा, आणि परवानगी घेऊन फोन मधे ठेवा. त्यांचे नंबर घ्या, पुढच्या महिन्यात एकेकाच्या गावी जाऊन बसा.

विसरभोळेपणा लागलेल्या माणसाच्या बाबतीतही थांबू नका. त्यांना काल जेवण काय होतं ते आठवत नाही, पण लहानपणचा आड कुठल्या अंगाला होता ते पुष्कळदा आठवतं. सकाळी, थोडा वेळ, एखादी जुनी वस्तू हातात देऊन बसा.